खिडकी घ्यायची की खोली? देखण्या आणि आलिशान रेल्वेप्रवासाची पहिली आखणी

जगातल्या नावाजलेल्या रेल्वेप्रवासांचे फोटो एकापाठोपाठ पाहिले की सगळ्या गाड्या एकाच माळेतल्या वाटायला लागतात. बर्फाचे डोंगर, दगडी कमानींचा पूल, वळणावर डोकावणारं इंजिन, आत पांढऱ्याशुभ्र टेबलावर मांडलेले ग्लास. प्रत्यक्षात हे दोन वेगवेगळे व्यवहार आहेत. काही गाड्या तुम्हाला खिडकी विकतात, काही खोली. स्वित्झर्लंडची ग्लेशियर एक्सप्रेस सकाळी बसवते, आठेक तास डोंगर दाखवते आणि संध्याकाळी उतरवते. रात्रीची सोय तुमची तुम्ही बघायची. दक्षिण आफ्रिकेची रोव्होस रेल प्रिटोरियाहून केपटाउनला नेताना रात्री गाडीतच ठेवते. तिथे पैसे जातात ते लाकडी केबिनचे, निवांत जेवणाचे आणि आदबशीर सरबराईचे. खिडकी दोन्हीकडे असते, पण दाम वेगवेगळ्या गोष्टीचे मोजलेले असतात. हे न ओळखता पैसे भरले की पुढची सगळी आखणी चुकत जाते. म्हणून सुरुवात इथूनच करू.

पायरी १ : गाडी कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा

ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला, दिवसा धावणाऱ्या खास पर्यटन गाड्या. छतापर्यंत वळलेल्या काचा, आरक्षित जागा, कानाला लावून ऐकायची माहिती. ग्लेशियर एक्सप्रेस, स्वित्झर्लंडमधून इटलीत उतरणारी बेर्निना एक्सप्रेस, कॅनडातली रॉकी माउंटेनियर, न्यूझीलंडची ट्रान्झअल्पाइन या त्यातल्या. रॉकी माउंटेनियरचा दोन दिवसांचा प्रवास असला तरी ती रात्री धावत नाही. वाटेतल्या कॅम्लूप्स गावी उतरवून हॉटेलात झोपवते आणि सकाळी पुन्हा बसवते, कारण अंधारात डोंगर दाखवता येत नाहीत.

दुसरा प्रकार, सुंदर मार्गावरच्या साध्या प्रवासी गाड्या. यांची जाहिरात फारशी कोणी करत नाही. नॉर्वेतला ओस्लो ते बर्गन हा १९०९ मध्ये पूर्ण झालेला मार्ग रोजच्या गाड्यांचाच आहे. त्याच गाडीत विद्यार्थी असतात, कामाला निघालेली माणसं असतात आणि फिन्सेला (१२२२ मीटर) स्की घेऊन उतरणारेही असतात.

तिसरा, लांब पल्ल्याच्या स्लीपर गाड्या. कॅनडाची टोरोंटो ते व्हँकुव्हर जाणारी ‘कॅनेडियन’ ४४६६ किलोमीटर जाते आणि चार रात्री घेते. अमेरिकेतली कॅलिफोर्निया झेफर शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलला पोचायला दोन दिवसांहून थोडी जास्त वेळ घेते. मुळात वाहतुकीसाठी चालवलेल्या या गाड्या आहेत. ऐषाराम जेवढ्यास तेवढा, नजारा मात्र भरपूर.

चौथा, फिरती हॉटेलं. व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस, रोव्होस रेल, ब्लू ट्रेन, भारतातली महाराजाज एक्सप्रेस, जपानमधली सेव्हन स्टार्स, पेरूतली अँडियन एक्सप्लोरर. इथे ‘कुठे पोचायचं’ हा प्रश्न जवळजवळ गौण असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांना मुख्यतः बाहेरचं बघायचं आहे, त्यांनी दुसऱ्या प्रकाराकडे आधी पाहावं. कारण सोपं आहे. बहुतेक खास गाड्यांना स्वतःचे रूळ नसतात. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून, त्याच बोगद्यांतून साध्या गाड्याही जातात आणि दरी तिकिटाचा रंग बघून आपलं रूप बदलत नाही. बेर्निना मार्गावर खास पॅनोरमा गाडीला तिकिटाबरोबर आरक्षणाचे जादा पैसे लागतात. त्याच मार्गावरची साधी गाडी दिवसा साधारण तासाला एक असते, आरक्षण लागत नाही आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या खालीवर करता येतात. ज्याला फोटो काढायचे आहेत त्याला उघडणारी खिडकी म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. ग्लेशियर एक्सप्रेसचा मार्गही साध्या गाड्यांनी करता येतो, फक्त तीन-चार ठिकाणी गाडी बदलावी लागते. स्कॉटलंडमध्ये ग्लेनफिनन पुलाच्या २१ कमानींवरून वाफेच्या इंजिनाची जॅकोबाइट जाते आणि तिच्या तिकिटांसाठी झुंबड उडते. फोर्ट विल्यम ते मॅलेग ही साधी गाडीही त्याच पुलावरून जाते, मात्र फेऱ्या मोजक्या असतात.

मग खास गाडी कधी घ्यायची? गाड्या बदलण्याचा त्रास नको असेल, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील, जागेवर जेवण हवं असेल किंवा छतातून शिखर बघण्याची हौस असेल तेव्हा. ती हौस खोटी नाही. अरुंद दरीत शिखरं डोक्यावर असतात आणि साध्या खिडकीतून ती दिसायला मान वाकडी करावी लागते.

पायरी २ : उजेड, ऋतू आणि दिशा

नवखे प्रवासी तारीख ठरवतात ती सुट्टीच्या हिशेबाने. रेल्वेप्रवासात तारीख उजेडाच्या हिशेबाने ठरवायची. डिसेंबरात बर्गनला जेमतेम सहा तास उजेड असतो आणि ओस्लो–बर्गन प्रवास सात तासांच्या आसपास. सकाळच्या गाडीने निघालात तरी एक टोक अंधुक जाणार, दुपारच्या गाडीने निघालात तर खिडकीत स्वतःचाच चेहरा बघत बसायचं. त्याच मार्गावर जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत लख्ख दिसतं. म्हणून तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी शेजारी ठेवा : गाडीचं वेळापत्रक आणि त्या तारखेच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा. मार्गाचा सगळ्यात देखणा टापू कुठल्या स्टेशनांच्या दरम्यान आहे ते शोधा आणि गाडी तिथे किती वाजता असेल ते पाहा. या कामाला अर्धा तास लागतो आणि सगळ्या आखणीतला तो सगळ्यात कामाचा अर्धा तास असतो.

मोसम पण बघा. ग्लेशियर एक्सप्रेस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद असते. रॉकी माउंटेनियर एप्रिल ते ऑक्टोबर, महाराजाज एक्सप्रेस ऑक्टोबर ते एप्रिल. पेरूत जानेवारी ते एप्रिलच्या पावसाळ्यात कुस्को परिसरातून माचू पिचूकडे जाताना सुरुवातीचं अंतर बसने नेऊन पुढे ओयान्ताइताम्बोला गाडीत बसवतात. ‘पूर्ण रेल्वेप्रवास’ म्हणून तिकीट काढणाऱ्याला हे आधी ठाऊक असलेलं बरं.

दिशेकडे कोणी लक्ष देत नाही, पण तिने प्रवास बदलतो. ऑस्ट्रेलियातली ‘घान’ अॅडलेड ते डार्विन २९७९ किलोमीटर धावते. (पूर्वी ती अॅलिस स्प्रिंग्जपर्यंतच जायची, डार्विनपर्यंतचा लोहमार्ग २००४ मध्ये जोडला गेला.) उत्तरेकडे जाताना हा प्रवास दोन रात्रींचा असतो. डार्विनहून दक्षिणेकडे येणारी गाडी मोसमात तीन रात्रींची असते आणि जमिनीखाली घरं खणून राहणाऱ्या कूबर पेडी या ओपलच्या गावाची सहल तिच्यातच असते. म्हणजे तीच गाडी, तोच मार्ग, पण दिशा बदलली की एक आख्खा दिवस वेगळा. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर घानमध्ये खिडकीपेक्षा अशा उतरून केलेल्या सहलींचीच मजा जास्त आहे. वाळवंट तासन्‌तास तसंच राहतं. काहींना नेमकं तेच आवडतं. इंडियन पॅसिफिक ही सिडनी–पर्थ गाडी तर नलारबर मैदानात ४७८ किलोमीटर नाकासमोर सरळ जाते, एकही वळण नाही.

पायरी ३ : तिकीट वेगळं, आरक्षण वेगळं

अनेक देशांत प्रवासाचं तिकीट आणि बसायच्या जागेचं आरक्षण या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. स्विस ट्रॅव्हल पास असला की ग्लेशियर एक्सप्रेसचं मूळ भाडं त्यात येतं, पण आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे. पास हातात आहे म्हणून थेट फलाटावर गेलात तर गाडीत चढता येणार नाही. त्यामुळे पास घेण्याआधी त्यातल्या ‘आरक्षण आवश्यक’ गाड्यांची यादी वाचा.

आरक्षण कधी उघडतं हे प्रत्येक ठिकाणी निराळं. जपानमधल्या सनराइज सेतो आणि सनराइज इझुमो या रात्रीच्या गाड्यांचं बुकिंग बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता सुरू होतं आणि खाजगी केबिन लगेच संपतात. सेव्हन स्टार्ससारख्या गाड्यांना तर रांगही नसते. अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघायची वाट पाहायची. तिथे आधी विमान आणि हॉटेल बुक करून मग गाडीचं बघू म्हणणं म्हणजे उलटा कारभार. आलिशान गाड्यांचे ठरावीक निघण्याचे दिवस असतात, त्यामुळे आधी गाडी पक्की करायची, बाकीचं सगळं तिच्याभोवती बसवायचं.

नावांमुळेही गोंधळ होतो. ‘ओरिएंट एक्सप्रेस’ ही एकच गाडी आहे असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. जॉर्ज नागेलमाकर्स यांनी १८८३ मध्ये सुरू केलेली मूळ गाडी केव्हाच इतिहासजमा झाली. त्या नावाची शेवटची साधी रात्रगाडी २००९ मध्ये बंद पडली. आज युरोपात जुन्या निळ्या-सोनेरी डब्यांतून फिरवते ती १९८२ मध्ये सुरू झालेली व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस. इटलीत २०२५ पासून धावणारी ला दोल्चे व्हिता ओरिएंट एक्सप्रेस वेगळी आणि आग्नेय आशियातली ईस्टर्न अँड ओरिएंटल एक्सप्रेस आणखी वेगळी. पैसे भरण्याआधी पूर्ण नाव, निघण्याचं स्टेशन आणि चालवणारी कंपनी या तीन गोष्टी जुळवून पाहा. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचंही असंच आहे. दार्जिलिंग ते घूम ही थोडक्या वेळाची जॉयराइड आणि न्यू जलपाईगुडीहून डोंगर चढत येणारा ८८ किलोमीटरचा दिवसभराचा प्रवास यांची तिकिटं वेगवेगळी असतात.

दर वाचतानाही सावध राहा. आलिशान गाड्यांचा दर बहुधा ‘प्रत्येकी, दोघांनी केबिन वाटून घेतल्यास’ असा छापलेला असतो. एकट्याने जाणाऱ्याला जादा भार पडतो आणि तो थोडाथोडका नसतो. जेवण, पेयं, सहली, टिप यांतलं काय धरलेलं आहे ते ओळीने वाचा. रोव्होस रेल आणि घानमध्ये जेवण, पेयं आणि ठरलेल्या सहली धरूनच दर असतो. सगळीकडे तसं नसतं. रद्द करण्याच्या अटी विमानापेक्षा कडक असतात, तेव्हा प्रवासविमा घेताना त्यात रद्द झालेल्या सहलीचे पैसे मिळतात का ते पाहा.

आणखी एक : माचू पिचूची गाडी आणि माचू पिचूचं प्रवेशपत्र यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. प्रवेशपत्र वेळेच्या तुकडीनुसार मिळतं. आधी ते घ्या, मग त्या वेळेला जुळणारी गाडी.

पायरी ४ : वर्गाचं नाव विसरा, केबिनचा नकाशा बघा

गोल्ड, प्लॅटिनम, रॉयल, प्रेस्टिज, ग्रँड. ही नावं ऐकून काहीच कळत नाही. एका गाडीतला गोल्ड हा खालचा वर्ग असतो, दुसरीत सगळ्यात वरचा. तीन प्रश्न विचारा : शौचालय केबिनमध्ये आहे का, अंघोळीची सोय कुठे आहे, आणि रात्री पलंग कसा होतो?

उत्तरं ऐकून नवख्याला धक्का बसू शकतो. व्हेनिस सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस ही जगातल्या महागड्या गाड्यांपैकी एक. तिच्या ऐतिहासिक केबिनमध्ये पितळी नळाचं देखणं वॉशबेसिन आहे, पण शॉवर नाही आणि शौचालय डब्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. डबे १९२०-३० च्या दशकांतले आहेत आणि ते तसेच जपलेत. डब्याच्या टोकाला कोळशाची शेगडी असते, ती पेटती ठेवणं हे कारभाऱ्याचं काम. स्वतःची न्हाणी हवी असेल तर सुईट किंवा ग्रँड सुईट घ्यावा लागतो आणि दर तिथे भलतीच उडी घेतो. एका रात्रीसाठी शॉवर नसला तर काय बिघडलं, असं वाटणाऱ्यांनी ऐतिहासिक केबिनच घ्यावी. त्या गाडीची खरी गंमत तिथेच आहे.

रोव्होस रेलमध्ये उलट. तिथल्या सगळ्यात लहान पुलमन केबिनलाही स्वतःचं न्हाणीघर आहे. ती साधारण ७ चौरस मीटरची, डिलक्स ११ ची आणि रॉयल १६ ची, तिच्यात चक्क व्हिक्टोरियन धाटणीचा बाथटब.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या चालवणाऱ्या अॅमट्रॅकची रूमेट नावाची केबिन जवळून बघण्यासारखी आहे. रुंदी मीटरभर, लांबी दोन मीटर. दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या आणि मध्ये घडीचं टेबल. रात्री कर्मचारी येतो, दोन्ही खुर्च्या सरकवून मिळवतो की खालचा बर्थ झाला. वरचा बर्थ छताच्या पोटातून खाली उतरतो, त्याला पट्ट्यांची जाळी लावायची म्हणजे झोपेत पडायला नको. पलंग मांडल्यावर दोघांना एकाच वेळी उभं राहायला जागा उरत नाही. एकाने आधी वर चढायचं, मग दुसऱ्याने कपडे बदलायचे. पश्चिमेकडच्या दुमजली गाड्यांमध्ये रूमेटला शौचालय नसतं, बेडरूम नावाच्या मोठ्या केबिनला असतं. जेवणाचे पैसे मात्र केबिनच्या भाड्यातच येतात. कॅनेडियन गाडीत एकट्यासाठीची केबिन असते, तिच्यात शौचालय आहे खरं, पण रात्री पलंग उघडला की ते पलंगाखाली जातं. अपरात्री उठायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. त्याच गाडीतले पडदा लावलेले साधे बर्थ त्या बाबतीत सोयीचे पडतात.

पायरी ५ : कुठल्या बाजूला बसायचं

नकाशा उघडा, रुळाची रेघ शोधा आणि नदी, तळं किंवा समुद्र कुठल्या हाताला येतो ते पाहा. फोर्ट विल्यमहून मॅलेगकडे जाताना डावी बाजू घ्या. ग्लेनफिननला लॉख शील तळं त्याच हाताला दिसतं. बेर्निना मार्गावर सेंट मॉरित्झहून तिरानोकडे उतरताना उजवी बाजू सरस.

का, ते थोडं सविस्तर सांगतो. गाडी चढत चढत ओस्पित्सिओ बेर्निनाला २२५३ मीटरवर पोचते. उजव्या हाताला लागो बियांको, हिमनदीच्या वितळत्या पाण्यामुळे दुधट दिसणारं तळं. पुढे आल्प ग्र्यूमला दरी एकदम उघडते आणि पलीकडे पाल्यू हिमनदी लोंबकळलेली दिसते. इथून खाली गाडी घिरट्या घालत उतरते. मघाशी जे गाव खाली चिमुकलं दिसत होतं ते पुन्हा दिसतं, थोडं मोठं होऊन, मग परत. उतार ठिकठिकाणी शंभर मीटरला सात मीटर, आणि तरीही दातेरी रूळ नाही, साधी चाकं आणि साधे रूळ. ले प्रेझेला गाडी सरळ रस्त्यावरून जाते, मोटारी बाजूला थांबून राहतात. ब्रुझिओला ती गोल कमानपुलावरून स्वतःच्याच मार्गाखालून निघते. शेवटी इटलीत तिरानो, ४२९ मीटरवर, जिथे ताडाची झाडं आहेत. अडीच तासांच्या आत बर्फापासून ताडापर्यंत. अल्बुला आणि बेर्निना हे मार्ग २००८ मध्ये जागतिक वारसा ठरले ते उगाच नाही.

मात्र बाजूचा अट्टहास धरू नका. काही गाड्या वाटेत दिशा बदलतात. ग्लेशियर एक्सप्रेस कूर स्टेशनात शिरते ती उलट्या तोंडाने बाहेर पडते, म्हणजे समोर तोंड करून बसलेला पाठीमागे तोंड करून बसतो. निरीक्षण डबा (नजारा बघायला ठेवलेला, मोठ्या काचांचा सामाईक डबा) किंवा उघडा डबा असेल तर बाजूचा प्रश्नच मिटतो. ट्रान्झअल्पाइनला असा उघडा डबा आहे, वारा झोंबतो, पण मध्ये काच नाही.

पायरी ६ : सामान आणि कपडे

मोठी बॅग केबिनमध्ये मावत नाही, हे गृहीतच धरा. एका रात्रीची छोटी पिशवी वेगळी भरा, मोठं सामान सामानडब्यात द्यायची सोय असेल तर द्या. रॉकी माउंटेनियरमध्ये सामान परस्पर हॉटेलच्या खोलीत जातं. माचू पिचूच्या गाड्यांत हातातल्या पिशवीच्या वजनाला कडक मर्यादा असते, मोठी बॅग कुस्कोला हॉटेलातच ठेवायची.

कपड्यांचे नियम फिरत्या हॉटेलांतच असतात. रोव्होस रेलमध्ये रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी कोट-टाय घालावा अशी अपेक्षा असते, ओरिएंट एक्सप्रेसमध्ये जीन्स चालत नाही. हे जाचक वाटत असेल तर ती गाडी आपली नाही असं समजावं. दिवसाच्या गाड्यांत कोणी कपड्यांकडे बघत नाही. तिथे गडद रंगाचा शर्ट घाला. पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि प्रत्येक फोटोत डोंगरावर तुमची कॉलर उमटते.

पायरी ७ : उशीर धरूनच चाला

उत्तर अमेरिकेत लांब पल्ल्याचे बहुतेक रूळ मालवाहतूक कंपन्यांचे आहेत. प्रवासी गाडी त्यांच्या घरी पाहुणी. मालगाड्या इतक्या लांब असतात की बऱ्याच ठिकाणी त्या बाजूच्या रुळावर मावत नाहीत, मग प्रवासी गाडीलाच बाजूला उभं राहावं लागतं. ‘कॅनेडियन’ला काही तासांचा उशीर होणं नवलाचं नाही. उतरण्याच्या दिवशीचं विमान बुक करू नका. मध्ये एक रात्र ठेवा. स्वित्झर्लंड-जपानमध्ये एवढी काळजी करायचं कारण नाही, पण डोंगरात दरड आणि बर्फ कोणाचं ऐकत नाहीत.

सीमा ओलांडणारी गाडी असेल तर वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम तपासा, केवळ शेवटच्या देशाचे नव्हे. पासपोर्ट मोठ्या बॅगेत घालून ती सामानडब्यात देऊ नका.

पायरी ८ : उंची

बहुतेक मार्गांवर हा विषय निघतही नाही. दोन ठिकाणी निघतो. अँडियन एक्सप्लोरर ला राया खिंडीत ४३०० मीटरच्या वर जाते आणि चिंगहाई–तिबेट मार्ग तांगुला खिंडीत ५०७२ मीटरवर पोचतो. दोन्हीकडे गाडीत प्राणवायूची सोय असते. तरी पेरूत कुस्कोला (सुमारे ३४०० मीटर) दोन-तीन दिवस राहून मग गाडी धरावी. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना विचारावं. तिबेटसाठी परदेशी प्रवाशांना वेगळा परवाना लागतो आणि तो अधिकृत सहल कंपनीमार्फतच निघतो.

पायरी ९ : गाडीत बसल्यावर

काचेतून फोटो काढताना कॅमेरा किंवा मोबाइल काचेला अगदी टेकवा, डोक्यावरचा दिवा बंद करा. गाडी पळत असल्यामुळे शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा, नाहीतर जवळची झाडं पुसट येतात. पोलरायझर फिल्टरने प्रतिबिंब कमी होतं, पण काही जाड काचांवर त्याने इंद्रधनुषी डाग पडतात, तेव्हा आधी एक फोटो काढून पाहा.

गाडी नजाऱ्यासाठी थांबवतात तेव्हा पटकन उतरा. नॉर्वेत मिर्डाल ते फ्लोम ही २० किलोमीटरची छोटी लाइन ८६७ मीटरवरून थेट समुद्रपातळीला उतरते. वाटेत क्योसफोसेन धबधब्यासमोर गाडी काही मिनिटं थांबते. लाकडी फलाटावर पाय ठेवला की तुषार चश्म्यावर येतात, आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात खडकावर एक लाल कपड्यातली बाई संगीताच्या तालावर नाचताना दिसते, लोककथेतली हुल्द्रा म्हणून. मला धबधबा एकटाच पुरला असता, पण मुलं जाम खूश होतात. शिट्टी वाजली की आत या, इथे गाडी कोणासाठी थांबत नाही.

रात्रीच्या गाडीत पहिल्या रात्री झोप लागेलच असं नाही. डब्याच्या मधोमध असलेली केबिन चाकांपासून लांब असते, धक्के कमी लागतात. निवडता आली तर तीच घ्या. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी जवळ असू द्या. सामाईक शॉवर असेल तर भल्या पहाटे किंवा दुपारी उरकून घ्या, न्याहारीच्या वेळेला रांग लागते. निरीक्षण डब्यातल्या जागा बहुधा आरक्षित नसतात. देखणा टापू यायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा आणि तो संपला की उठून दुसऱ्याला जागा द्या. तासन्‌तास पिशवी ठेवून जागा अडवणाऱ्याकडे आख्खा डबा रागाने बघत असतो.

पहिली गाडी कोणती

गाडीत झोप येते की नाही हे माहीत नसताना कित्येक रात्रींची आलिशान सफर घेऊ नका. आधी चार ते आठ तासांचा दिवसाचा प्रवास करा : बेर्निनाची साधी गाडी, ओस्लो–बर्गन, किंवा क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ २२३ किलोमीटरची ट्रान्झअल्पाइन, जिच्याने त्याच दिवशी परतही येता येतं. मग एका रात्रीची स्लीपर गाडी. या दोन्हींत समजतं की तुम्ही खिडकीचे आहात की खोलीचे. खोलीचे निघालात तर फिरत्या हॉटेलांकडे वळा आणि तिथेही आधी सगळ्यात कमी रात्रींची सफर घ्या, वर्ग मात्र एक पायरी वरचा. खिडकीचे असाल तर उलट करा : वर्ग साधा घ्या, आणि वाचलेल्या पैशात वाटेतल्या एखाद्या स्टेशनावर रात्र काढून दुसऱ्या दिवशीची गाडी धरा. आल्प ग्र्यूमसारख्या ठिकाणी, जिथे मोटाररस्ता पोचत नाही, स्टेशनच्या इमारतीतच खाण्याची आणि राहण्याची सोय आहे. खोल्या मोजक्या असल्याने त्या मात्र वेळेत राखून ठेवायला हव्यात.